घंटी होईपर्यंत

तोंगयोंग,
मासळी बाजारामागची गल्ली,
ऑगस्टअखेर

प्रिय मानहो,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर तू हे न उघडताच शेगडीत घालशील, म्हणून पत्ता मी पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतला. म्हणजे बघ, पहिल्या ओळीच्या आधीच एक लबाडी झाली. म्हातारा झालो तरी धंदेवाल्याची खोड जात नाही. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, रागावायचं असेल तर मग रागाव. माझ्या लेकाची, उजिनची, स्मरण-उपासना सुगीच्या सणाआधीच्या आठवड्यात आहे, दरवर्षीसारखीच. त्या दिवसापर्यंत तू घरी यावंस, एवढंच मला मागायचं आहे. का, ते मात्र एका दमात सांगता येत नाही. मी लिलावात बोली लावणारा माणूस, आकडा सांगायचा आणि मोकळं व्हायचं, ही सवय. हे तसं नाही. हे मला मागून पुढे, पुढून मागे असं करतच सांगावं लागेल, आणि तुला ते सहन करावं लागेल.

तुझा ठावठिकाणा कसा लागला म्हणशील, तर तुझ्या वेडानंच लागला. गेल्या महिन्यात मुखो बंदरावरून सुक्या माकुळांचा एक व्यापारी आला होता. बोलघेवडा माणूस, जेवताना गंमत म्हणून सांगायला लागला, "आमच्याकडे एक नग आलाय हो. कामाला एका बोटीवर, पण सकाळी सगळ्यांच्याच बोटींत वाकून बघतो. पंप चालू करून दाखवा म्हणतो. नाही दाखवला तर दोरावर बसून राहतो. एका तांडेलानं वैतागून पाण्यात ढकलला त्याला, तर हा ओलाचिंब वर आला आणि पुन्हा तेच, 'पंप दाखव.' पंपवाला म्हणतो आम्ही त्याला." सगळे हसले. सवयीनं मीही हसलो, आणि मग चमचा खाली ठेवला. मी विचारलं, उजव्या भुवईवर वण आहे का त्याच्या? तो म्हणाला, "आहे की! तुमची उधारी बुडवून पळालाय वाटतं?" मी म्हटलं, नाही, तो आमच्या घरचा आहे. त्यावर त्यानं हसू आवरलं आणि तुझ्या बोटीचं नाव सांगितलं. व्यापारी असला तरी माणूस बरा.

इथलं सांगायचं तर सगळं ठीक आहे. म्हणजे लोक विचारतात तेव्हा मी तसं सांगतो. वाळवणाच्या अंगणात आता निम्म्या जागेत यंत्रं आली आहेत, मासळी गरम हवेनं वाळते, माश्या बेकार झाल्या. थाक पाळकसाहेब निवृत्त होऊन मुलीकडे गेले. नवे पाळक तरुण आहेत, गिटार वाजवतात, आणि बायका-पुरुषांना एकत्र बसवतात. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, पण बसायला लागले. फेरीबोटीच्या धक्क्यावर ग्वाक काकूंचं शेवयांचं दुकान अजून आहे आणि त्यांची जीभही. परवा मला म्हणाल्या, "बान शेठ, तुमचे दात गेले, केस गेले, कान मात्र यमानं मागे ठेवलेत. काहीतरी ऐकवायचं असणार त्याला." तुझी वाळवणामागची खोली आहे तशीच आहे. उजिनच्या आईचे गुडघे गेलेत, तरी ती अंथरूण उन्हात घालते, वसंतात तिने दाराच्या लाकडी चौकटीवरचा कागदही बदलला. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, "फाटला होता म्हणून."

तू आलास तेव्हा मिशीही धड फुटली नव्हती. बेटावरून एक बोचकं घेऊन आलेलास आणि अंगणात वाळत घातलेली मासळी उभ्या उभ्या खात होतास, मी मागून धरला. मला तेव्हाच आवडलास. मीही त्याच धक्क्यावर पाट्या वाहून वर आलो, भुकेला माणूस मला लांबून कळतो. आणि कान म्हणशील तर त्याच धक्क्यानं तयार केले. तू मूठभर मासळी पाटीत सोडायचास, मी डोळे मिटून सांगायचो, अजून एक ऊन पाहिजे. वाळलेली मासळी पडताना कडकन बोलते, ओली असली की पुटपुटते. लिलावात शेजारचा आपल्या भागीदाराच्या कानात काय कुजबुजला हे मला ऐकू यायचं, मी हाताचं एक बोट जास्त दाखवून बोली चढवायचो. ह्याच कानांवर मी घर बांधलं, दुकान बांधलं, चर्चच्या छपराला पत्रे दिले. लोक हसून म्हणायचे, बान छिल्सूसमोर विचारसुद्धा हळू करावा. मला फार अभिमान होता त्याचा.

उजिन तुला 'मानहो दादा' म्हणायचा. सख्ख्या भावाला कोणी म्हणणार नाही असं म्हणायचा. शाळेतून आला की आधी तुझ्या खोलीत, तुझ्या भांड्यातली भाताची खरपुडी खरवडून खायला. त्याची आई चिडायची, "घरी काय उपाशी ठेवते का मी?" तो म्हणायचा, "दादा भात करपवतो ना आई, तुला कुठे जमतं?" हे तिने अजून कुणाकुणाला सांगितलेलं मी ऐकतो. आपल्याकडे बाईला मुलाच्या नावानं हाक मारतात, ती रीत किती निर्दय आहे हे मला आधी कधी कळलं नव्हतं. बाजारात, चर्चमध्ये, डॉक्टरकडे, दिवसातून कितीतरी वेळा तिला लोक अजून 'उजिनची आई' म्हणतात, आणि ती ओ देते.

आता त्या दिवसाकडे येतो. तू इथे पत्र खाली ठेवशील, मला ठाऊक आहे. ठेव, पाणी पी, आणि परत उचल. सण तोंडावर आलेला, भेटीच्या डब्यांसाठी मागणीवर मागणी. आपल्या बोटीचा पाणी उपसायचा पंप कुरकुरत होता. मी तुला सांगितलं, दुरुस्त करून घे. मग विचारलं तर म्हणालास, "झालं, शेठ." झालं नव्हतं. मिस्त्री सणासाठी गावी गेला होता, आणि तू ते मला सांगू शकला नाहीस. कारण आदल्याच आठवड्यात, मासळी निवडणाऱ्या सगळ्या बायकांसमोर, मी तुला म्हणालो होतो, "तुझ्यापेक्षा धक्क्यावरचं मांजर बरं, खाल्ल्यावर निदान उंदीर तरी धरतं." बायका हसल्या होत्या. तूही हसला होतास. मी ते संध्याकाळपर्यंत विसरलो, तू विसरला नव्हतास. मग त्या सकाळी उजिन, सैन्यातून सुट्टीवर आलेला, केस बारीक कापलेले, म्हणाला, "आज बेटावर मी जातो. दादाला जरा बसू दे." बेटावरच्या भट्टीतून उकडलेली मासळी आणायची, एवढंच काम. मी धक्क्यावर उभा. तू दोर सोडायला वाकलास, आणि माझ्याकडे बघून तुझं तोंड उघडलं. मला ते दिसलं होतं. मला वाटलं, जांभई आली असेल. परतीला बोट भरलेली, वारा फिरलेला, आत आलेलं पाणी बाहेर काढायला काही नाही. लोकांनी समुद्राला दोष दिला, कचेरीतही तेच लिहिलं गेलं. समुद्र बिचारा कोणाचाही दोष पोटात घेतो.

पंपाचं मला कुठून कळलं, असं तू विचारशील. तू मला कधीच सांगितलं नाहीस. तू देवाला सांगितलंस, मी ऐकलं.

त्याच हिवाळ्यातली चर्चमधली संजीवन सभा आठव. थाक पाळकसाहेब पश्चात्तापावर बोलले होते. म्हणाले होते, "रडलात म्हणजे झालं असं समजू नका. कांदा चिरतानाही पाणी येतं. पाय वळले पाहिजेत, पाय." मग नेहमीप्रमाणे त्यांनी सगळ्यांना 'प्रभू' म्हणून तीनदा हाक मारायला लावली आणि सगळं चर्च एकदम मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागलं, ज्यानं त्यानं आपापलं पाप, आपापल्या आवाजात. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तो गोंगाट. त्यात एक नियम आहे, कोणी सांगितलेला नाही, पण लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक असतो. शेजाऱ्याचं ऐकायचं नाही. ऐकू येत नाही म्हणून नव्हे, ऐकायचं नाही म्हणून. तेवढ्या भरवशावर तर माणसं तिथे आपलं काळीज काढून ठेवतात. मी डोळे मिटून माझी नेहमीची पापं सांगत होतो, तराजूत अंगठा, नोकरांना शिव्या. तू माझ्या उजव्या हाताला होतास. आणि त्या गारांतून मला 'पंप' असा शब्द ऐकू आला.

त्या क्षणी मी माझी प्रार्थना मोठी करायला हवी होती. मी ती थांबवली. ओठ हलवत ठेवले आणि कान तुझ्याकडे केला, लिलावात करतो तसा. तू कपाळ जमिनीला लावून ओरडत होतास, "झालं म्हणालो, झालं नव्हतं. शेठ समोर उभे होते म्हणून बोललो नाही. मांजर म्हणतील म्हणून बोललो नाही. प्रभू, मांजर म्हणतील म्हणून!" मी एकेक शब्द टिपून घेतला. मग पाळकसाहेबांनी टेबलावरची घंटी वाजवली आणि सगळे जिथल्या तिथे गप्प झाले. तूही झालास. मी रुमालानं तोंड पुसलं, तुझ्या पाठीवर हात ठेवला, आणि म्हणालो, चल, घरी जेवायला चल.

शत्रूला भूक लागली तर त्याला जेवू घाल, ते त्याच्या डोक्यावर निखारे रचल्यासारखं आहे, असं वचन तू चर्चमध्ये ऐकलं असशील. पाळक त्याचा अर्थ चांगला सांगतात. मी माझ्या सोयीचा घेतला. त्या दिवसापासून मी तुझ्यावर माया करायला लागलो. उजिनचा हिवाळी कोट तुला दिला, "बसतो का बघ" म्हणून सगळ्यांसमोर अंगावर चढवला, आणि बटणं मी स्वतः लावली. तुला मुकादम केलं. चर्चमध्ये सेवक म्हणून तुझं नाव मी सुचवलं. सणाला तुला माझ्या शेजारी बसवायचं, माशाचा पोटाकडचा तुकडा तुझ्या भातावर ठेवायचा, आणि तू तो कसा गिळतोस ते बघायचं. मी स्वतःला सांगायचो, छिल्सू, तू क्षमा करतो आहेस. पण क्षमा करणारा माणूस समोरच्याच्या घशाकडे बघत बसत नाही रे. तुझ्या गळ्याचा मणी वरखाली व्हायचा, आणि मला जेवण गोड लागायचं. सगळं गाव माझं कौतुक करायचं, काय काळीज आहे बान शेठचं, एका नोकराला मुलाच्या जागी मानलं. ग्वाक काकू म्हणायच्या, "स्वर्गात तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवली असेल हो." एकदाच फक्त त्या तुझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "बान शेठच्या ताटात इतकं जेवून हा पोरगा वाळतो कसा?" मी विषय बदलला.

शेवटचं मी जे केलं ते तुला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वीची स्मरण-उपासना. घर भरलेलं. उजिनच्या आईनं त्याच्या आवडीचं सगळं केलं होतं आणि एक वाडगा जास्तीचा मांडला होता. आपल्या ख्रिस्ती घरांत मेलेल्याला पान वाढत नाहीत, म्हणून ती म्हणायची, पाहुणा आला तर असू दे, आणि पाळकही समजून उमजून दुसरीकडे बघायचे. गीत झालं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, आज प्रार्थना मानहो करेल, उजिनला त्याच्याइतकं जवळचं कोणी नव्हतं. तू उभा राहिलास. तोंड उघडलंस. तसंच, धक्क्यावर उघडलं होतं तसं. आवाज आला नाही. मग "हात धुऊन येतो" म्हणालास आणि गेलास. दुसऱ्या दिवशी खोलीच्या खिळ्याला किल्ली होती, कोट घडी करून ठेवला होता. लोक म्हणाले, कृतघ्न निघाला. मी म्हणालो, असू दे, पोरगा आहे. तेव्हासुद्धा मी चांगलाच ठरलो.

आता मी माझ्याकडे येतो. पुष्कळ लांबवलं.

तू गेल्यावर मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. उलटंच झालं. एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली, जी इतकी वर्षं तुझ्याकडे बघण्याच्या नादात आली नव्हती. सगळे मोठ्यानं प्रार्थना करायला लागले की माझा आवाज फुटत नाही. ज्यानं एकदा शेजाऱ्याचं ऐकलं, त्याला कायम वाटत राहतं, आपलंही कोणीतरी ऐकतंय. त्या हिवाळ्यापासून मी एक शब्द मोठ्यानं बोललेलो नाही. नुसते ओठ हलवतो. पूर्वी बायका पलीकडे बसायच्या म्हणून कोणाला कळलं नाही. नव्या पाळकांनी उजिनच्या आईला माझ्या शेजारी आणून बसवलं, आणि दोन-तीन रविवारांतच ती घरी आल्यावर म्हणाली, "सगळे ओरडतात, तुम्ही माशासारखे नुसते ओठ हलवता. असं काय आहे हो, जे देवालासुद्धा हळू सांगावं लागतं?"

ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून सूपासाठी सुकी मासळी साफ करत होती. डोकी एका वाडग्यात, काळी आतडी दुसऱ्यात, अंग तिसऱ्यात. दुपारची वेळ, बाहेर कोणीतरी जाळं झटकत होतं. मी तिच्यासमोर बसलो आणि आधी तुझं सांगितलं. पंपाचं, मांजराचं, प्रार्थनेचं, निखाऱ्यांचं. तिचे हात चालूच होते. मग मी माझं सांगितलं. मानहो, आता तुला सांगतो. पंप चालू असला की बोटीच्या कुशीतून पाण्याची धार समुद्रात पडते. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. त्या सकाळी बोट धक्क्यापासून सुटली तेव्हा इंजिन ऐकू आलं आणि धार ऐकू आली नाही. मला कळलं. ज्याला शेजाऱ्याची कुजबुज ऐकू येते त्याला हे ऐकू येणार नाही होय? थांबवायला मी हात वर केला होता. पण चार माणसं बघत होती, बान शेठचा पोरगा पहिल्यांदा एकटा बोट नेतोय म्हणून. आणि मासळी लिलावाला वेळेत यायला हवी होती. वाटलं, एवढ्याशा अंतरात काय होतंय, आल्यावर बघू. वर केलेला हात मी हलवला. उजिनला वाटलं, बाबा निरोप देतायत. त्यानंही हात हलवला.

एकाच धक्क्यावर आपण दोघं उभे होतो. तू माझ्या भीतीनं गप्प, मी लोकांच्या कौतुकासाठी गप्प. तू त्याच हिवाळ्यात जमिनीला कपाळ लावून ते ओकून टाकलंस, आणि मी तुझं ते ओकलेलं उचलून वर्षानुवर्षं तुलाच वाढत राहिलो. म्हणजे मला माझं कधी बघावंच लागू नये.

 हे ऐकताना तिची मासळी कुठल्याही वाडग्यात पडायला लागली, डोकी अंगांत, आतडी डोक्यांत. मग ती उठली, तिन्ही वाडगे एकत्र ओतले आणि बाहेर मांजरांना टाकून आली. त्या दिवसापासून ती मला 'उजिनचे बाबा' म्हणत नाही. जेवायला वाढते, औषध हातात देते, पण हाक मारत नाही. फारच गरज पडली तर 'अहो, इकडे' म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, ते नाव मला किती लागत होतं हे ते गेल्यावर कळलं. मी तक्रार करत नाही. माझ्याकडून ते काढून घेण्याचा अधिकार जगात एकाच माणसाला होता.

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये मोठ्यानं प्रार्थना केली. पाय वळतात की नाही बघू म्हटलं. सगळे ओरडत होते त्यात मीही ओरडलो, जेवढा आवाज होता तेवढ्यानं. धार ऐकू आली नाही, प्रभू, आणि मी हात हलवला. तीच वाक्यं पुन्हा पुन्हा.  घंटी झाली, डोळे उघडले, वाटलं आता सगळं चर्च माझ्याकडे बघत असेल. कोणी बघत नव्हतं. ग्वाक काकू नाक शिंकरत होत्या, पुढचा म्हातारा चष्मा शोधत होता. आपली माणसं चांगली आहेत रे, मानहो. ती खरंच ऐकत नाहीत. इतकी वर्षं मला वाटत होतं सगळे माझ्यासारखेच असतील. मग मी पाळकांकडे जाऊन मंडळीच्या वडिलाचं, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ कारभाऱ्याचं, आसन सोडलं, आणि का सोडतो ते त्यांना सरळ सांगितलं. बिचारा पोरगाच तो, गिटार हातात धरून तसाच उभा राहिला. येत्या स्मरण-उपासनेला मी जमलेल्या सगळ्यांसमोर उभा राहून बोलणार आहे. पंपाचं फक्त माझ्याकडचं सांगेन. तुझ्याकडचं तुझं आहे. ते सांगायचा किंवा न सांगायचा हक्क मी एकदा चोरला, पुन्हा चोरणार नाही.

स्वयंपाकघरातली एक गोष्ट मी वर लिहिली नाही, मुद्दाम मागे ठेवली, कारण हे पत्र त्याच गोष्टीसाठी आहे. मांजरांना टाकून आल्यावर ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, मानहो त्या प्रार्थनेत काय काय बोलला ते सगळं पुन्हा सांगा, एक शब्द गाळू नका. मी सांगितलं. शेवटी तू म्हणाला होतास, "दोर सोडताना उजिन वाकून माझ्या कानात म्हणाला," आणि तेवढ्यात घंटी झाली होती. ती म्हणाली, "पुढे?" मी म्हटलं, पुढे घंटी झाली. "मग विचारलं नाहीत त्याला, कधीच?" मी म्हटलं, कसं विचारणार, विचारलं असतं तर मी ऐकलं हे त्याला कळलं असतं. तेव्हा ती म्हणाली, "माझ्या पोराचं शेवटचं बोलणं इतकी वर्षं त्याच्या तोंडात होतं, आणि तुम्ही त्या तोंडात मासे कोंबत राहिलात." मानहो, मी तुला क्षमा करायला बोलवत नाही, ती वाटायला माझ्याकडे उरलेली नाही, आणि तुझ्याकडून मागायची हिंमतही अजून होत नाही. कामावरही बोलवत नाही. उजिनच्या आईला ते वाक्य हवं आहे. भलं असो, बुरं असो, थट्टा असो, नुसतं 'खरपुडी ठेव' असं असो, ते तिचं आहे. तू ये, तिच्यासमोर बस आणि तिला सांग. तू येशील तेव्हा मी घरात नसेन. धक्क्यावर ग्वाक काकूंच्या दुकानात जाऊन बसेन, त्यांच्या बडबडीत दुसरं काही कानावर पडत नाही. तुमचं बोलणं होईपर्यंत मी उठणार नाही. परत आल्यावर मी तिला विचारणार नाही, तुलाही नाही. तिला वाटलं तर ती मला सांगेल. नाही वाटलं तर तो काय म्हणाला हे न ऐकताच मी मरेन, आणि ते बरोबर असेल.

तुझाच,
बान छिल्सू